टोपलीतला पाणकावळा

जनावरांच्या दवाखान्यात अमृता मांडीवर मांजर घेऊन बसली होती. शेजारी पैठणकडचं, मासे धरणारं म्हातारं जोडपं. त्यांच्या टोपलीत पंख मोडलेला पाणकावळा.

“धरणात एवढी बारकी पिल्लं सोडली माशांची. निम्मी ह्यांनीच गिळली. मासळी वाढावी कशी?” म्हातारा कुरकुरला.

“अवो, पण जाळं आपलंच व्हतं ना. त्यातच मोडला पंख.”

“म्हणून चोराला एसटीनं दवाखान्यात आणायचं व्हय?”

“सकाळधरनं उपाशी हाय. चोच वासायलाय बघा.”

“मी काय त्याचा बाप हाय?”

म्हाताऱ्यानं पिशवीतून डबा काढून म्हातारीपुढं धरला.

“घे, भरव. सकाळी म्हणलो नव्हतो, चार मासे तळू नको, कच्चेच ठेव म्हणून?”