बुलेटची किक

सात रस्त्याजवळच्या गॅरेजात त्रिंबक स्कूटरचं ऑइल बदलेपर्यंत बाकड्यावर टेकला होता. पलीकडं एक तरणी बाई नवीकोरी बुलेट घेऊन आली.

"मिस्त्री, हिला किक बसवून द्या."

"ताई, ही नुसती दिसायला जुनी. हिला बटन हाय की."

"किकनं चालू नाही झाली तरी चालंल. पायाखाली हलली म्हणजे झालं."

"मग उपयोग काय?"

"माझ्या वडलांची, अण्णांची बुलेट अशीच होती. आता त्यांना काही आठवत नाही. पण रोज हिच्यावर बसतात आणि पायानं किक शोधतात. सापडली नाही की रडतात."

"आन् किक मारून बी गाडी गप राहिली तर?"

"ते किक मारतील, मी शेजारी उभं राहून बटन दाबीन. स्टँडवरच असती गाडी."

स्कूटर कधीच तयार झाली होती. त्रिंबक उठला नाही.

"जायचं कुटं असतंय त्यास्नी?" मिस्त्रीनं विचारलं.

"शाळेत. सुटायची वेळ झाली, पोरगी फाटकात उभी असंल म्हणतात."

"मग सांगायचं की, पोरगी आली घरी म्हणून."

"रोज सांगते, अण्णा, मीच ती. तर म्हणतात, बाई, तुमी जरा बाजूला व्हा. पोरगी एकटी हाय तिकडं."