नव्या डब्यातली जुनी डिस्क

मी मूळची मिरजेची. वडील पतपेढीत कारकून, मी टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि लग्न होऊन बंगलोरला आले ती के. आर. पुरमला, कारण ह्यांची नोकरी तिथल्या सरकारी कारखान्यात. कन्नड मिरजेतच थोडं कानावर पडलेलं, म्हणून आनेकलकडच्या एका नट-बोल्टच्या कारखान्यात मला पगार काढायला घेतलं. तिथं मी सगळ्यांची अक्का. मालकसुद्धा अक्काच म्हणतात, वयानं मोठे असून.

पगाराचा प्रोग्राम मालकांच्या भाच्यानं लिहिलेला. हजेरी, ओव्हरटाइम, फंड, सगळं त्यात. भाचा हुशार, कुणी उचलून नेऊ नये म्हणून त्यानं असं कुलूप घातलं की प्रोग्राम त्या एका हार्ड डिस्कवरूनच चालावा, आणि मग भाचा गेला अमेरिकेला. फोन केला तर म्हणाला, मामा, मला काही आठवत नाही, नवीन करून घ्या. मालक म्हणाले, करू की, सावकाश.

त्याच सुमारास ह्यांची बदली नाशिकला झाली. आमची नमू तेव्हा चौथीत. शाळा सुरू होणार म्हणून ती ह्यांच्याबरोबर पुढं गेली, वन्सं होत्याच तिथं. मी म्हटलं, नवीन कॉम्प्युटर येतोय, तो लावून देते नि दोन महिन्यांत येते.

आला नवीन कॉम्प्युटर, रंगीत पडद्याचा. प्रोग्राम त्यात उतरवला, चालेना. मग एस. पी. रोडवरून रफीकभाई मेकॅनिकला आणलं. तो म्हणाला, अक्का, डोकं कशाला फोडता, जुनी डिस्कच काढून ह्यात बसवू. बसवली, वायरी जोडल्या, बटण दाबलं, तर डिस्क फिरेचना. मग रफीकभाईनं ती तळहातावर घेतली आणि बरणीचं घट्ट झाकण उघडताना मनगटाला देतो तसा एक हिसका दिला. कण्हली आणि फिरायला लागली. म्हणाला, म्हातारी आहे, थंड झाली की चिकटते, बंद करू नका म्हणजे झालं. मला हिसका शिकवला. मालकांनी म्हैसूरपाक वाटला. मी म्हटलं, सार, आता मी जाऊ? म्हणाले, जावा की अक्का, वीज गेल्यावर हिला कोण उठवणार तेवढं सांगा.

मी शिकवायला बघितलं हो लोकांना, कुणी हात लावेना. फोरमन मुनियप्पाला शिकवायला गेले तर तो दोन्ही हात मागं घेऊन म्हणाला, नको अक्का, माझ्या हातनं मोडली तर पॅकिंगच्या बायका मला जिवंत ठेवणार नाहीत. हे फोनवर म्हणायचे, सोडून ये, कुणी धरून ठेवलंय तुला? काय सांगू तुम्हाला, धरून कुणीच ठेवलेलं नव्हतं, तीच तर पंचाईत.

एका दसऱ्याला मी नाशिकचं तिकीट काढलं. जायचं ते कायमचंच, असं मनाशी ठरवून. आदल्या दिवशी आयुधपूजा. मी बजावलं, सगळं बंद करा, ही नको. मालक म्हणाले, लेथला विश्रांती, ड्रिलला विश्रांती, आणि हिनं काय पाप केलंय? हळदकुंकू लावलं, केळीचे खांब बांधले, कोहळा फोडला, आणि स्वतःच्या हातानं बटण बंद केलं.

दसऱ्याच्या सकाळी मुनियप्पा स्कूटर घेऊन दारात. अक्का, पगाराचा दिवस आहे, म्हातारी उठत नाही. स्वल्प येऊन जावा, बसला मीच सोडतो.

गेले. डिस्क हातात घेतली, गार पडलेली. सगळे भोवती उभे. आणि मनात आलं, ही आत्ता हातातून सुटली तर मीही सुटले. खाली फरशी होती. मागनं पॅकिंगमधली चंद्रम्मा हळूच म्हणाली, निधानं अक्का, सावकाश. मी हिसका दिला. फिरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चंद्रम्मानं पूजेतलं उरलेलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं.

पगार निघेपर्यंत बस गेली. बूथवरून फोन केला तर नमूनंच उचलला. आई, बसमध्ये बसलीस? मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, बरं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मग निघालं हे दोन हजार साल. प्रोग्रामला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे कळतात, पुढचं साल त्याला कळणारच नाही म्हणे. जग घाबरलं, मी तेवढी वाट बघत होते. तर गेल्या महिन्यात रफीकभाई आला आणि म्हणाला, सोपं आहे, प्रोग्रामला बहात्तर साल सांगायचं, दोन हजारशी वार-तारखा तंतोतंत जुळतात, पगाराच्या चिठ्ठीवर खरी तारीख शिक्क्यानं मारा. मालक म्हणाले, बघा अक्का, देव पाठीशी आहे.

सरी, बरं, म्हटलं. लोकांचे पगार वेळेवर होतात, देव त्यांचं भलं करो. नमू आता नववीत आहे. कधी येणार, असं ती विचारत नाही. मे महिन्यात आठ दिवस इकडं माझ्याकडं येते, आणि आल्या दिवशीच आपलं परतीचं तिकीट नीट ठेवलंय का, ते बघते.