गार्गीने दारात सांगितलेली बातमी

हसा तुम्ही, पण त्या दिवशी धुळ्यात आमच्या दारापुढची गर्दी बघून मी धावतच सुटले होते. पाच वर्षांच्या गार्गीला सासूबाईंजवळ सोडून दहा मिनिटं झेरॉक्सला गेले, तरी मला आपण वाईट आई आहोत असं वाटतं. त्यात ही गर्दी!

"काय झालं हो काकू?" मी शेजारच्या पाटीलकाकूंना विचारलं.

त्या मला बघून दोन पावलं मागे सरकल्या. "गार्गी सांगतेय, आत आजीचा खून झाला."

"कुणी केला?"

"तूच केला म्हणते!"

मागून कुणीतरी म्हणालं, "तरीच! दोन दिवस दोघींचं बोलणं नव्हतं."

मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले. गार्गी मात्र माझी ओढणी खांद्यावर टाकून ओट्यावर ताठ उभी होती. "मम्मी, मी दूत आहे," ती म्हणाली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एम.ए.चा पेपर लक्षात राहावा म्हणून मी रोज तिलाच धडा समजावत होते. प्राचीन ग्रीक नाटकात खून लोकांसमोर दाखवत नसत. तो आत व्हायचा आणि दूत बाहेर येऊन सांगायचा.

एवढ्यात हाताला पीठ लागलेल्या सासूबाई बाहेर आल्या. मला वाटलं, संपलं माझं एम.ए. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या जमलेल्या सगळ्या बायकांवरच आपल्या अहिराणीत कडाडल्या,

"बठ्ठ्या दारमाच उभ्या! एक बी घरमा देखाले उनी नही!"