गेंड्याचं शिंग

मुलांच्या कला शिबिराबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी एक आजोबा येऊन टेकले. मागोमाग हातात वही-पेन्सिल घेऊन त्यांची नात आली.

"आजोबा, उठा. तुम्ही माझ्या गेंड्यावर बसलाय."

"तरीच म्हटलं, काय टोचतंय."

"शिंग टोचतंय. ओला आहे तो अजून."

"बघू. काही झालेलं नाही गं, जरासा चपटा झालाय. मघाशी होता तसा आठवून काढ चित्र."

"आठवून चालत नाही. ताई म्हणतात, आधी मातीचं करायचं, मग समोर बघून काढायचं. दिसतं तस्संच."

"मग झोपलेला गेंडा काढ. गेंडे काय झोपत नाहीत?"

"झोपतात. पण शिंग काढून ठेवून नाही झोपत."

"अरेच्चा. गेलं कुठं?"

"तिकडे तोंड करा. हां, सापडलं. तुमच्या पँटला मागे चिकटलंय."

"मग घे ना उपटून."

"थांबा, आधी बघून काढू दे. थोडे वाका. आता हलू नका."

"अगं, लोक बघतायत. आणि हे चित्र कुणाला दाखवायचं नाही, सांगून ठेवतो."

"मी कशाला दाखवू? ताईच लावणार आहेत, दारावर."