टबातला समुद्र

माहं माहेर सिहोऱ्याजवळचं. आम्ही ढिवर, बोडीतली, म्हणजे गावच्या लहान तळ्यातली, मासोळी धरायची आन् बाजारात विकायची, तेच आईनं केलं, तेच सासूनं केलं, मीही केलं, पण समुद्र काही आमच्यात कोणी पाह्यला नव्हता बाप्पा. लग्नानंतर आम्ही दोघं काही वर्षं नागपूरले राहिलो, तठी मी शोभेच्या माशांच्या दुकानात काचा पुसत होती, आन् गावी परत निघाली तवा मालकानं नारंगी जोकर माशांची एक जोडी देल्ली, एकाचा पंख फाटला होता, कोणी घेत नव्हतं.

काय सांगू तुले पोरी, समुद्राचं मीठ पुडीत भेटते, ते टबात गाळलेल्या पाण्यात विरघळवायचं, झाला समुद्र. आमचे भासरे, म्हणजे माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ, खूप हसले. भासऱ्यापुढे सुनेनं तोंड उघडायचं नसते आमच्याकडे, तेही सासूकडे पाहूनच बोलत, म्हणे माय, हे भंडाऱ्यात समुद्र आणून राहिली का वं? मीही सासूलेच म्हटलं, आई, त्याईले सांगा, पाय धुवायचे असन त या.

मंग जोडीनं फुटक्या मडक्याच्या खापरीवर अंडी घातली, बापमासा पंखानं वारा घालत राहे, आन् पिल्लं निघाली, पापणीच्या केसावानी. त्याईले डोळ्याले दिसत नाही इतके बारीक जीव खायले लागतेत, ते मी बरण्याईत हिरव्या पाण्यात वाढवत होती. पण मी बाजारात गेली आन् सासूले माया आली. तिनं उभ्या जन्मात रोहू-कतल्याची पिल्लं पोसली, तिले वाटलं हे उपाशी हायेत, तिनं बोडीचं पाणी पदरानं गाळलं आन् त्यातले किडे टबात सोडले. गोड्या पाण्यातले किडे ते, खाऱ्यात मेले, सडले, पाणी दुधावानी झालं, आन् माही सारी पिल्लं मरून तळाले बसली. सासू रडून राहिली, म्हणे मीच मारले वं. मी म्हटलं, आई, तुम्ही चारा देल्ला, मारलं नाही.

भासरे म्हणे, माय, सांग तिले, पुढच्या बारीले मेले त टब बाहेर, मले या खोलीत धानाचे पोते ठेवायचे हायेत. तवा मी पहिल्यांदा त्याईच्याच तोंडाकडे पाह्यलं आन् म्हटलं, आन् जगले त? ते गडबडले, मंग हसले, म्हणे त टबाले लागते ते विहिरीचं पाणी रोज मी भरीन.

दुसऱ्या बारीले सासू टबापाशी खाट टाकून बसली, कोणाले फिरकू दे ना. तरी अर्धेअधिक मेले, खोटं कायले सांगू. पण उरलेल्याईच्या डोक्यामागं एक दिवस पांढरा पट्टा उमटला, खडूनं ओढल्यावानी, आन् पट्टा आला म्हणजे पिल्लू तगलं समज. मी भासऱ्याईले बोलावलं. ते वाकून किती तरी वेळ पाहत राहिले. मी बादली तेवढी पुढं सरकवली.

आता रोज सकाळी विहिरीवर त्याईची कुरकुर ऐकू येते, गावातले म्हणतेत, माशाईचा पाणक्या. म्हणू दे. पोते कुठी ठेवायचे ते त्याईचं ते पाहतीन, हे खोली माह्या पिल्लाईची हाये. देव त्याईच्या हातात जोर ठेवो बाप्पा, मले अजून एक टब वाढवायचा हाये.