जमादारला हवा देऊ नका

वाचणाऱ्याने आधी चष्मा शोधावा. खिशात नाही लेका, कपाळावर आहे. सापडला? आता नीट उभा राहा आणि मी सांगितलंय तेवढं सगळं वाच. मधलं गाळलंस तर सून मला सांगणारच आहे.

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या जनावरांच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर; व्यासपीठावर आपली पाळी कधी येते म्हणून घड्याळ बघणारे पाहुणे; समोर दाटीवाटीने बसलेली मंडळी; आणि दाराबाहेर बांधलेली तुमची मुकी लेकरं, सर्वांना माझा नमस्कार. आज माझ्या सुनेला, तुमच्या डॉक्टरीणबाईंना, निरोप द्यायचा आणि सासूच घरी! का, ते सांगते.

गेल्या आठवड्यात माझ्या चिरंजीवांनी, म्हणजे आत्ता तुमच्यापुढे घाम पुसत उभे आहेत त्यांनी, अंगण साफ करायला काढलं. बायकोच्या निरोपाला पाहुणे येणार, गवत दिसता कामा नये. तणनाशक आणलं. तोंडाला फडकं बांधलं, हातमोजे चढवले, मला खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. शेजारणीच्या गुलाबावरसुद्धा चादर टाकली. फक्त भिंतीलगतचं कुत्र्याचं पाण्याचं भांडं उचलायचं विसरला. थांबू नकोस, वाच. हे चारचौघांना कळायला हवं, असं तूच म्हणालास.

भांडं आमच्या जमादारचं. घरात कोण आलं, कोण गेलं, सगळी हजेरी हा कुत्रा घेतो. संध्याकाळी ओकायला लागला, जिभेवर फोड. सुनेने दवाखान्यात नेलं, पोटात कोळशाची पूड घातली, सलाइन लावलं. मला वाटलं, निभावलं. पण दोन-तीन दिवसांनी धाप लागली. बरगड्या नुसत्या भात्यासारख्या. कंपाउंडर प्राणवायूची नळी घेऊन धावला, तर सुनेने त्याचा हातच धरला.

"नको. हवा द्यायची नाही."

मंडळी, मी म्हटलं, "अगं, जीव गुदमरतोय त्याचा! काळीज आहे की नाही तुला?"

"आई, या विषाला हवाच हवी असते. जास्त दिली की फुप्फुस आतून जळतं. अगदीच इलाज राहिला नाही, तरच द्यायची."

"मग औषध दे!"

"खात्रीचं औषध नाही, आई."

नाही? कपाटं भरून बाटल्या आणि नाही? लोखंडाला गंज चढावा तसं आत चालू असतं म्हणे. फुप्फुसात, यकृतात, मूत्रपिंडात. ज्या हवेवर जगायचं तीच उलटते? विष कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि उतारा कुठेच मिळत नाही, हे मला कुणी समजावून सांगेल का? माझ्या अजून गळी उतरत नाही.

तो गंज थोपवतील अशी काही औषधं जनावरांवर तपासून बघताहेत, थोडी आशा दिसते म्हणे. सून त्याच कामाला परगावी निघालीय, आजचीच गाडी आहे. पण परवा बघते तर भरलेली बॅग उघडून कपडे परत कपाटात लावतेय. "याला असा टाकून कशी जाऊ?"

म्हटलं, "राहून तरी काय करणार? नळी देणार नाहीस ती नाहीसच. न देण्याचं काम मलाही जमेल."

हसली. मग रडलीही. बॅग पुन्हा मी भरली. म्हणून मी इथे, त्याच्या उशाशी.

मोठ्या डॉक्टरांचे आभार. रोज येऊन सुई टोचून जाणाऱ्या कंपाउंडरचे जास्त आभार. बोलण्यात कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. चिरंजीवांनीही घालावं, आठवडाभर तोही धड जेवलेला नाही. आणि फवारणीआधी आपापल्या दारातली भांडी उचला.

आज सकाळी धाप किंचित उतरल्यासारखी वाटली. वाचेल का, सून सांगत नाही, मी विचारत नाही. पण दूधवाला आला तेव्हा पठ्ठ्याने पडल्यापडल्या एक कान उचलला.

आता जेवणाचं. तळलेलं, तिखट काही नको. मऊ शिजवलेला भात, बिनमिठाचा, चांगला गार करून, दोन वाट्या पाठवा. एक जमादारला, त्याच्या घशात फोड आहेत. एक मला, दात नाहीत. आणि दुसऱ्या कुणाबरोबर नको, सुनेच्याच हाती पाठवा. तिच्या हातून त्याने एक घास घेतला, तर ती गाडीत नीट बसेल.