समुद्रातली लखनवी दावत

क्रूझवर जास्तीचे पैसे मोजून जेवावं का, हे आम्हाला विचारा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून वर्षानुवर्षं लखनौत राहणारे आम्ही मुलीला घेऊन थेट जहाजावर गेलो. जेवण तिकिटातच होतं, तरी ह्यांनी मला न सांगता वेगळे पैसे भरून तिथल्या खास रेस्टॉरंटात टेबल घेतलं. मेन्यू उघडला, तर ‘लखनवी दावत’!

“अहो, हे खायला आपण समुद्रात आलो?”

“खाऊन तर बघ,” हे म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

कबाब आले. लखनौतच वाढलेल्या मुलीने एक घास घेतला. “पापा, ये तो कटलेट है.”

तेवढ्यात विचारपूस करत शेफ आला. आमचं मराठी ऐकून खूश झाला. “कुठले तुम्ही?”

“लखनौचे.”

बिचाऱ्याचं तोंडच उतरलं. हळूच म्हणाला, “साहेब, मी सोलापूरचा. लखनौ अजून पाहिलेलं नाही. स्टाफसाठी पिठलं-भात केलाय, आणू का?”

आम्ही तिघांनी ताटं चाटूनपुसून साफ केली.

दुसऱ्या दिवशी हे मुकाट्याने फुकटच्या जेवणाकडे निघाले, तर मुलगी अडून बसली.

“पापा, मुझे स्टाफवाला खाना चाहिए. एक्स्ट्रा पैसे दे दो ना!”